वाचक विचारतात: पंखांवर डोळे असलेलं एचिंग

प्रश्न (दादरहून एक वाचक): आमच्या आत्याचे मिस्टर बोटीवर होते. साठच्या दशकात कधीतरी युरोपातून येताना त्यांनी एक छोटं काळ्या शाईतलं चित्र आणलं होतं, वहीच्या पानाएवढं. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून माळा रिकामा केला तर ट्रंकेत ते सापडलं. मधे एक शिंगवाला घोडा, मागे क्रूस, बाजूला मुकुट घातलेली बाई आणि वर एक पंखवाला माणूस, त्याच्या पंखांवर डोळेच डोळे. खाली पेन्सिलने 14/60 आणि सही, पण सही काही लागत नाही. फ्रेमच्या मागच्या चिठ्ठीवर व्हिएन्ना आणि 1957 एवढंच वाचता येतं. आई म्हणते हे करणी-बिरणीतलं आहे, नव्या घरात न्यायचं नाही. मला मात्र ते सारखं बघावंसं वाटतं. नक्की काय आहे हे? फोटो पाठवतोय.

उत्तर: हे एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरलेल्या रेघांत शाई भरून कागदावर छापलेलं चित्र. आता आधी आईंची भीती घालवू. करणीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. पंखांवरचे डोळे बघून दचकायला होतं हे मान्य, पण ते चित्रकाराच्या डोक्यातलं खूळ नव्हे, बायबलमध्ये शेवटी जे प्रकटीकरणाचं पुस्तक आहे त्यात देवाच्या सिंहासनाभोवती चार प्राणी आहेत, प्रत्येकाला सहा पंख आणि आतबाहेर सगळीकडे डोळे, असं सरळ लिहिलंय. त्याच्या कितीतरी शतकं आधी यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याला जो देखावा दिसला त्यात तर चाकांच्या धावांवरसुद्धा डोळे आहेत. आपण देवदूत बघतो ते ख्रिसमसच्या कार्डावर, गोरे गुबगुबीत, त्यामुळे मूळ वर्णनाबरहुकूम कुणी काढला की तो आपल्याला भूत वाटतो. आईंना गीतेतला अकरावा अध्याय माहीत असेलच, अनेक तोंडं अनेक डोळे असलेलं विश्वरूप बघून अर्जुनाची पाचावर धारण बसते आणि तो म्हणतो बाबा रे तुझं नेहमीचं रूप दाखव. देव बघून घाबरणं हे काही फक्त परक्यांच्या धर्मात नाहीये.

घोड्याचं म्हणाल तर तो युनिकॉर्न, आणि मधल्या युगात युरोपात अशी ठाम समजूत होती की हा प्राणी कुठल्याही शिकाऱ्याच्या हाती लागत नाही, फक्त कुमारिकेपाशी आपणहून येतो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवतो. चर्चने ह्या गोष्टीचा अर्थ मारिया आणि ख्रिस्त असा लावला, म्हणून मुकुटवाली बाई, म्हणून मागे क्रूस. आपल्याकडचा ऋष्यशृंग आठवा, डोक्यावर शिंग, रानात वाढलेला, स्त्री कधी पाहिलीच नाही, त्याला भुलवून अंगदेशात आणतात आणि मग पाऊस पडतो. ह्या दोन कथांमधे नातं आहे असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तेव्हा तुमच्या आत्याच्या मिस्टरांनी घरी आणलेला प्राणी अगदीच अनोळखी नव्हता म्हणायचा.

आता व्हिएन्ना आणि 1957. ही चिठ्ठी फार कामाची आहे, फेकू नका, फ्रेम बदलली तरी नव्या फ्रेमच्या मागे पाकिटात घालून ठेवा. सही कोणाची ते चित्र काचेबाहेर काढून नीट उजेडात वाचल्यावर ठरेल, पण घराणं फोटोवरूनही ओळखू येतंय. दुसरं महायुद्ध संपलं त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत व्हिएन्नाच्या ललितकला अकादमीत आल्बर्ट पारिस ग्युटर्सलो नावाच्या शिक्षकाभोवती काही पोरं जमली होती, एर्न्स्ट फुक्स, आरिक ब्राउअर, वोल्फगांग हुटर, आंटोन लेमडेन, आणि ह्यांच्यापेक्षा वयाने बराच मोठा रुडोल्फ हाउस्नर. योहान मुशिक नावाच्या समीक्षकाने पुढे 1950 च्या दशकात ह्यांना फँटॅस्टिक रिॲलिझम, म्हणजे अद्भुताचा वास्तववाद, असं नाव चिकटवलं आणि 1959 साली तिथल्या बेल्व्हेडेर राजवाड्यात ह्यांचं मोठं एकत्र प्रदर्शन झालं. म्हणजे तुमचं चित्र आणलं गेलं त्या काळात हे लोक ऐन भरात होते.

पण नावांपेक्षा शहर बघा. 1945 च्या मार्चमध्ये तिथलं ऑपेरा हाऊस बॉम्बने जळलं, एप्रिलमध्ये सेंट स्टीफनचं कॅथेड्रल जळलं, त्यानंतर दहा वर्षं ते शहर अमेरिका रशिया ब्रिटन फ्रान्स अशा चौघांनी वाटून घेतलेलं. फुक्सचा जन्म 1930 चा, वडील ज्यू. नाझी आल्यावर वडील शांघायला निसटले, पोरगा वाचावा म्हणून आईने कागदोपत्री घटस्फोट घेतला आणि 1942 मध्ये त्याचा बाप्तिस्मा केला. ब्राउअरचे वडील छळछावणीत मारले गेले, तो स्वतः लपूनछपून वाचला. हाउस्नरच्या चित्रांवर नाझींनी बंदी घातली होती. ह्या लोकांनी नंतर बायबल उघडलं तेव्हा त्यांना शेवटचा न्याय, आगीत पडणारी शहरं, आकाशातून येणारी जनावरं हे सगळं कल्पनेतलं वाटलंच नसणार, खिडकीतून पाहिलेलं होतं ते. मला विचाराल तर तुमच्या चित्रातली भीती तिथून आली आहे आणि भक्तीही तिथूनच आली आहे, दोन्ही वेगळं काढता येत नाही. आणि जाता जाता एक, त्यांच्या त्याच अकादमीच्या संग्रहात हिएरोनिमस बॉश ह्या जुन्या चित्रकाराचं शेवटच्या न्यायाचं मोठं तीन फळ्यांचं चित्र आहे, पक्ष्याच्या चोचीची भुतं आणि चालती भांडी असलेलं. शिकायला कॉलेजात जायचं आणि कॉलेजच्याच मालकीचं असलं चित्र, मग पोरं दुसरं काय काढणार.

ह्यात मुंबईचाही एक कोपरा आहे बरं का. शांघायला जाणाऱ्या इटालियन बोटी तेव्हा मुंबईला लागून पुढे जायच्या, आणि त्याच व्हिएन्नातून पळालेले काही जण इथेच उतरून राहिले. वॉल्टर लँगहॅमर हा चित्रकार 1938 मध्ये आला आणि टाइम्स ऑफ इंडियाचा आर्ट डायरेक्टर झाला, एमॅन्युएल श्लेसिंजर नावाचे व्हिएन्नाचे गृहस्थ इथे औषधांच्या धंद्यात होते आणि चित्रं विकत घ्यायचे. ह्या दोघांनी आणि जर्मनीहून आलेल्या रुडी फॉन लायडन ह्या समीक्षकाने 1947 च्या आपल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपवाल्या पोरांना, सूझा, रझा, हुसेन, आरा, किती हात दिला हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. एकाच जळत्या शहराची माणसं, मागे राहिलेल्यांनी युनिकॉर्न काढले आणि पळून आलेल्यांनी आपल्या मॉडर्न आर्टला पहिले पैसे दिले.

शेवटी तुमचा तो सारखं बघावंसं वाटण्याचा मुद्दा. फोटो मोठा करून घोड्याच्या पुढच्या गुडघ्यापाशी बघा. हाडावर कातडी ताणलेली आहे, शीर वर आली आहे, खुराला बारीक तडा आहे. हा खराखुरा, काम करून थकलेला घोडा आहे, टांग्याचा असावा तसा. पंखांवरच्या प्रत्येक डोळ्याला वेगळी पापणी आहे आणि खालच्या कोपऱ्यातले दोन डोळे चक्क मिटलेले आहेत. ह्या मंडळींचं सगळं गुपित एवढंच, जे नाहीच ते काढायचं तर इतकं बारकाईने काढायचं की बघणाऱ्याला नाही म्हणता येऊ नये. धूसर गूढ रंगाचे ढग सोडून कोणीही स्वप्न दाखवतं, मला त्यात फारसा रस नाही. मिटलेल्या पापण्यांच्या केसांपर्यंत जायला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, आणि देवाधर्माचा विषय असताना त्या बसण्यालाच मी तरी प्रार्थना म्हणेन, चित्रकार चर्चला जात असो नसो.

हॉलमध्ये लावा. देव्हाऱ्यासमोर नको म्हणत असतील तर आईंचं ऐका, ते चित्र पूजेसाठी केलेलं नाहीच.

प्रश्न (वसईहून एक ताई): मी कॅथलिक आहे. असली चित्रं बघितली की मला राग येतो. आमचा प्रभू, आमची माता, आणि त्यांच्या आजूबाजूला शिंगं सापळे डोळे. हे आर्टच्या नावाखाली थट्टा करणं नाही का?

उत्तर: ताई, राग येणं समजू शकतो आणि थट्टा करणारी चित्रंही जगात भरपूर आहेत, सगळ्यांची वकिली मी करणार नाही. पण ह्या व्हिएन्नावाल्यांच्या बाबतीत, निदान फुक्सच्या बाबतीत, थट्टेचा आरोप टिकत नाही. हा माणूस 1957 मध्ये जेरुसलेमला सियोन डोंगरावरच्या डॉर्मिशन मठात जाऊन राहिला आणि तिथे शेवटच्या भोजनाचं मोठं चित्र करायला घेतलं. त्यानंतर 1958 ते 1961 ह्या काळात व्हिएन्नाच्या हेट्झेनडॉर्फ भागातल्या रोझरी चर्चसाठी त्याने चर्मपत्रावर रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेतल्या, रहस्यांची तीन मोठी चित्रं केली. म्हणजे काम चर्चसाठी, चर्चच्या आत लावायला. त्यावरूनही तिथल्या भाविकांत वाद झालाच, म्हणजे तुमच्यासारखा राग आलेले लोक तिथेही होते, तुम्ही एकट्या नाही.

आणि सापळ्यांचं म्हणाल तर ते ह्यांनी आणलेले नाहीत. मार्टिन शोनगाउअरने 1470 च्या दशकात संत अँथनीचं एनग्रेव्हिंग केलं, म्हणजे ॲसिडशिवाय हत्याराने थेट पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, संताला हवेत उचलून काटेरी शेपट्यांची भुतं सोट्यांनी मारतायत, दाढी ओढतायत, आणि संताचा चेहरा मात्र शांत. 1635 मध्ये झाक कालोने तोच विषय एचिंगमध्ये केला, त्यात तर पूर्ण आकाशभर पसरलेला एक राक्षस तोंडातून भुतं ओकतोय. ही सगळी श्रद्धाळू लोकांनी श्रद्धाळू लोकांसाठी केलेली कामं. भुतं जितकी खरी वाटतील तितका संताचा संयम मोठा दिसतो, असा सरळ हिशोब. आपल्याकडे गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात, वाघासारखं तोंड, पायाखाली हत्ती, देवळाच्या दारावर कीर्तिमुख असतं डोळे वटारलेलं, त्याला कोणी थट्टा म्हणत नाही, वाईटाला दारातच अडवायचं काम त्यांच्याकडे दिलेलं असतं.

एक फरक मात्र मी तुमच्या बाजूने मान्य करतो. जुन्या चित्रात देव जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. 1945 नंतरच्या ह्या चित्रांत ते ठरलेलं नसतं, क्रूस आहे पण त्याच्याकडे कोणी बघतंय की नाही कळत नाही, देवदूत आला आहे पण वाचवायला की हिशोब घ्यायला तेही कळत नाही. तुम्हाला टोचतंय ते हेच असणार. मला ते टोचणं खरं वाटतं, तुम्हाला नको वाटत असेल तर नका बघू, जबरदस्ती थोडीच आहे.

प्रश्न (विरारहून, प्रिंटमेकिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी): सर असली बारीक लाइन येते कशी? मी झिंकवर केलं तर जवळजवळच्या सगळ्या लाइन एक होऊन काळा डाग झाला. नायट्रिक जास्त झालं का?

उत्तर: बहुतेक तेच झालं, आणि शिवाय प्लेट एकदाच खूप वेळ आत ठेवलीस. बाकी वाचकांसाठी आधी दोन वाक्यांत सांगतो नाहीतर लोक पान उलटतील. एचिंग म्हणजे तांब्याच्या नाहीतर जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ ह्यांचा पातळ थर द्यायचा ज्याला ग्राउंड म्हणतात, सुईने त्या थरावर चित्र ओरबाडायचं म्हणजे तेवढ्या रेघेपुरता पत्रा उघडा पडतो, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, उघड्या रेघा ॲसिड खातं आणि तिथे खाच पडते. नंतर ग्राउंड पुसून खाचांत शाई भरायची, वरची शाई मलमलीने आणि मग तळहाताने पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून फेल्टची ब्लँकेटं घालून प्रेसमधून दाबून काढायचा. शाई खाचेतून उपसून कागदावर येते. म्हणजे रेघ कोरायचं काम हात करत नाही, ॲसिड करतं, हात फक्त वाट मोकळी करून देतो.

आता तुझं. नायट्रिकचं एकास आठ-दहा इतकं पातळ पाणी कर, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे कानाला खडा लावून लक्षात ठेव. रेघेवर बुडबुडे धरतात ते पिसाने हलवत राहा, बुडबुडा बसला की त्याच्या खाली बाइट, म्हणजे ॲसिडचं खाणं, अडतं आणि रेघ दाणेदार होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच डुबकीत सगळं उरकायचं नाही. आधी थोडा वेळ बाइट देऊन प्लेट बाहेर काढ, धू, वाळव, ज्या रेघा सगळ्यात फिक्या हव्यात त्यांच्यावर स्टॉपआउट व्हार्निश, म्हणजे ॲसिड अडवणारं व्हार्निश, मार, परत आत, परत बाहेर, परत व्हार्निश. दूरचा डोंगर पहिल्याच बाइटमध्ये संपला पाहिजे आणि पुढचा खूर शेवटपर्यंत खात राहिला पाहिजे. झिंकवर नायट्रिक खाली खातं तसं बाजूलाही खातं म्हणून जवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे पापणीचे केस काढायचे असतील तर पैसे साठव आणि तांबं घे, त्यावर फेरिक क्लोराइड वापर, त्याची खाच सरळ आणि स्वच्छ पडते आणि नायट्रिकसारखा पिवळा धूर नाही. फक्त फेरिकचा गाळ खाचेत बसतो म्हणून प्लेट उलटी, तोंड खाली करून ठेवतात. आणि हातमोजे घाल, फेरिकचे डाग शर्टावरून आयुष्यात जात नाहीत. पावसाळ्यात ग्राउंड नीट सुकत नाही, चिकट राहतं, सुई फिरवली की कडा उचलते, तेव्हा प्लेट आधी हॉटप्लेटवर कोमट करून घे आणि घाई करू नकोस.

अजून एक सांगतो, तू विचारलं नाहीस तरी. सुई दाबू नकोस. ग्राउंड निघण्यापुरता भार पुरे. दाबून काढलेल्या रेघेत मनगटाचा ताठपणा उतरतो आणि तो मग ॲसिडलाही लपवता येत नाही.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): 14/60 म्हणजे साठ कॉप्या काढल्या. मग एकाला ओरिजिनल कसं म्हणायचं? झेरॉक्सच झाली की.

उत्तर: झेरॉक्सला आधी एक मूळ चित्र लागतं. एचिंगमध्ये कागदावरचं मूळ असं काही नसतंच, प्लेट हे हत्यार आणि छापलेला प्रत्येक कागद हे मूळ. प्रत्येक वेळी शाई नव्याने भरली जाते, नव्याने पुसली जाते, कुठे थोडी मागे राहिली तर मंद करडी छटा येते, त्यामुळे 14 वा आणि 41 वा शेजारी ठेवले तर सारखे असूनही सारखे नसतात. चित्रकार ठरवतो की एवढेच काढायचे आणि पुष्कळदा एडिशन, म्हणजे ठरवलेल्या सगळ्या प्रती, झाली की प्लेटवर आडव्यातिडव्या रेघा मारून ती बाद करतो. खाली आकड्याऐवजी ए पी किंवा ई ए अशी अक्षरं असली तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. तांबं मऊ असतं, दाबाने खाचा झिजतात, म्हणून जास्त प्रती काढायच्या असल्या तर त्यावर विजेने लोखंडाचा पातळ मुलामा देतात. लहान आकडा म्हणजे भारी प्रत असं सरसकट धरू नका, कारण आकडे छापल्याच्या क्रमानेच घालतात असं काही नाही.

खरं आहे का छापील पोस्टर आहे हे घरी बघायचं असेल तर भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेटवरचं चित्र, संपला विषय. एचिंगची रेघ सलग असते, टोकाला बोथट असते, आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला तर शाई कागदावरून किंचित उठलेली दिसते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो, चौकोनी, पण तो दाब नुसता उठवूनही घालता येतो म्हणून एकट्या दाबावर विसंबू नका. आणि हो, चित्र पत्र्यावर काढलं त्याच्या उलट, आरशातल्यासारखं छापून येतं. दादरच्या वाचकांच्या चित्रात बाईने आशीर्वादाला डावा हात उचललाय, तो प्लेटवर उजवाच होता. काही चित्रकार ह्याचा आधीच हिशोब करून प्लेटवर उलटं काढतात, काही मुद्दाम करत नाहीत.

प्रश्न (गोरेगावहून): हे सरिॲलिझमच ना? दालीचं?

उत्तर: चुलत नातं आहे, सख्खं नाही. सरिॲलिस्टांना मनाच्या तळातलं, स्वप्नातलं, अडखळून बाहेर येणारं हवं होतं आणि त्यांच्यातले बरेच जण पाद्री दिसला की चिडायचे. व्हिएन्नावाल्यांनी त्यांच्याकडून धीटपणा घेतला पण हात जुन्या मास्तरांचा ठेवला, ड्यूरर, ब्रॉयगेल, व्हान आइक. फुक्स तर टेंपेरावर, म्हणजे अंड्यात कालवलेल्या रंगावर, तेलरंगाचे पातळ थर देण्याची जुनी पद्धत वापरायचा आणि ती त्याने पुढे इतरांनाही शिकवली. दालीला तो पॅरिसमध्ये भेटला होता. दाली स्वतःही 1950 च्या दशकात क्रूसाकडे वळलेलाच होता, 1951 मधला त्याचा वरून बघितलेला ख्रिस्त प्रसिद्ध आहे. पण दालीच्या प्रिंट्स घेताना मात्र दहादा शहानिशा करा, त्याने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या आणि त्यावर नंतर काय काय छापलं गेलं त्याचा बाजारात नुसता गोंधळ आहे.

प्रश्न (मुलुंडहून एक वाचक): अशाच एका जुन्या प्रिंटवर तपकिरी ठिपके आलेत आणि कडेला पिवळा पट्टा पडलाय. फ्रेमवाला म्हणतो ब्लीच करून देतो. आणि विकली तर काय येईल?

उत्तर: किंमत मी सांगत नाही, कोणालाच नाही, त्यावरून भांडणं होतात. लिलावगृहांचे जुने निकाल बघा आणि दोन वेगळ्या लोकांना विचारा.

ब्लीचला मात्र साफ नाही म्हणा. कागद पांढरा होईल आणि काही वर्षांत ठिसूळ होऊन हातात येईल, पेन्सिलची सही फिकी होईल ती वेगळीच. तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग, दमट हवेत कागदातल्या लोहाच्या कणांमुळे आणि बुरशीमुळे येतात. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते आणि कागदाला मानवते ती पन्नासच्या आसपासची, तेव्हा लढाई असमान आहे हे आधीच मान्य करा. पिवळा पट्टा पडलाय तो बहुधा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीच्या, स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे, तो पुठ्ठा आधी काढून टाका आणि ॲसिड-फ्री माउंट घाला, चार पैसे जास्त जातील. मागे प्लायवूड किंवा खोक्याचा पुठ्ठा नको. चित्र कुठेही गोंदाने किंवा सेलोटेपने चिकटवायचं नाही, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, बस, म्हणजे उद्या कोणाला काढायचं तर पाण्याच्या बोटाने निघतं. चित्र काचेला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवीच, कारण काचेच्या आत घाम धरतो आणि शाई काचेला चिकटते.

बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे जिच्या पलीकडे पाऊस मारतो त्या भिंतीवर, काहीही लावू नका. आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, तेवढी हवा खेळली तरी पुष्कळ. कसर लागली असेल तर स्प्रे मारत बसू नका, फ्रेम उघडून मऊ ब्रशने झाडून घ्या. बुरशी ओली दिसत असेल तर हात न लावता कागद दुरुस्तीचं काम शिकलेल्या माणसाकडेच न्या, फ्रेमवाल्याकडे नाही. आणि नवीन फ्रेम करून घ्यायचीच असेल तर दिवाळीनंतर करा, ऑगस्टमध्ये बंद केलेल्या फ्रेममध्ये ऑगस्टची हवासुद्धा बंद होते.